नवी फास्ट लेन्स आली, जुनीचा भाव उतरला, आता घ्यायची कुठली?

हा निर्णय मी दोनदा घेतलाय, एकदा जुनीच्या बाजूने आणि एकदा नवीच्या. दोन्ही ३५ एमएम एफ १.४, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या फास्ट लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), एक पहिल्या पिढीची सेकंडहँड आणि दुसरी नव्या पिढीची कोरी. अ‍ॅपर्चर, फिल्टर साइज वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो. वापरताना काय वाटलं आणि भाव का पडतो तेवढंच सांगतो.

आधी भावाचं. नवी आवृत्ती जाहीर झाली की लगेच जुनीचे मालक विकायला निघतात, प्रत्येकाला बाकीच्यांच्या आधी विकून मोकळं व्हायचं असतं, त्यामुळे एकदम ढीगभर लेन्स बाजारात येतात आणि भाव खाली बसतो. मग थोडा सावरतो, कारण नवीची किंमत बघून बरेच जण मागे फिरतात. खरी दुसरी घसरण होते ती नवी लेन्स स्वतः सेकंडहँडमध्ये दिसायला लागली की, आणि ही दुसरी घसरण घेणारे बहुतेक वेळा हिशोबात धरतच नाहीत. शिवाय दुसऱ्या कंपनीची एफ १.४ वॉरंटीसकट नवी मिळत असेल तर कॅमेरा कंपनीची जुनी लेन्स त्या किमतीच्या वर फार काळ टिकू शकत नाही, घेणारा म्हणतो एवढेच द्यायचे तर कोरीच घेतो की.

झूमचंही तेच चाललंय. कॅननने २०१८ मध्ये २८-७० एफ २ काढली ती १४३० ग्रॅमची, कौतुक सगळ्यांनी केलं पण रोज गळ्यात कोण घालणार. २०२४ मध्ये सोनीची २८-७० एफ २ आली ९१८ ग्रॅममध्ये, त्याच वर्षी सिग्माची २८-४५ एफ १.८ पण आली, आणि माझ्या ओळखीच्या दोघांनी एक झूम ठेवून दोन-दोन प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्स, विकायला काढल्या. म्हणजे एका झूममुळे २८, ३५, ५० च्या साध्या एफ १.८ लेन्सवरही दबाव येतो, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं.

पण सगळंच पडतं असं नाही. जुन्या मॅन्युअल फोकसच्या चांगल्या लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, आल्यावर उलट जास्त विचारल्या जायला लागल्या, अ‍ॅडॅप्टर लावला, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) चालू केलं, झालं. त्यांच्यात जुनं व्हायला फोकसची मोटरच नाही. यावरून माझं जे मत बनलं ते असं की भाव पडतो तो काचेपायी कमी आणि मोटर नि वजनापायी जास्त. सोनीची २४-७० एफ २.८ जीएम २०१६ ची ८८६ ग्रॅम होती, २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅम. सिग्माची ८५ एफ १.४ एसएलआरवाली (आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांसाठीची) ११३० ग्रॅम, २०२० ची मिररलेसवाली साधारण ६३०. सोनीची ५० एफ १.४ प्लॅनर ७७८ ग्रॅमची, आणि २०२१ ला आलेली ५० एफ १.२ पण बरोबर ७७८ ग्रॅमची! मग जुनीला भाव कोण देणार. पण म्हणून जुनीची काच वाईट झाली का, तर नाही.

हेच मनाशी धरून मी जुनी ३५ घेतली. नवीच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत पडली, काच स्वच्छ, टॉर्च मारून बघितली तर बुरशी नाही, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही. पहिले काही आठवडे मी फार खूश होतो. चेहरे एफ १.४ ला जरा मऊ यायचे, मला ते आवडायचं, अजूनही आवडतं.

मग एका संध्याकाळी आजी खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. उजेड कमी, फक्त एका बाजूने येणारा. मी कॅमेरा डोळ्याला लावला, शटर अर्धं दाबलं, लेन्स सुईवर गेली, मग मागे पडद्यावर, मग पार जवळच्या टोकापर्यंत येऊन परत मागे, घर्र... घर्र... तेवढ्यात दोरा ओवला गेला आणि आजीने मान वर केली. फोटो आला तो दोरा ओवल्यानंतरचा. नंतर व्हिडिओ केला तर ती हळू आवाजात गुणगुणत होती त्यावर मोटरची घरघर चढलेली, ती काढता येत नाही, मी खूप प्रयत्न केला. असं एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण कमी उजेडात दर वेळी तेच, आणि एफ १.४ आपण घेतो ती कमी उजेडासाठीच ना.

नवी घेतली तेव्हा सगळ्यात आधी तीच खिडकी, तीच वेळ. आवाज नाही, डोळा पकडला की पकडला. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, लिनियर मोटरच्या बऱ्याच लेन्स बंद असताना हलवल्या की आत काहीतरी खुळखुळतं, पहिल्यांदा मी घाबरलोच होतो, पण करंट नसला की फोकसच्या काचांचा गट आत मोकळा असतो म्हणून तसं होतं, लेन्स खराब नसते. सेकंडहँड घेताना यावरून चांगली लेन्स नाकारू नका.

नवीचे तोटे पण आहेत. सगळ्यात जास्त पैसे पहिल्या वर्षातच उतरतात, आणि चेहरा कधीकधी नको इतका लख्ख येतो. घाई नसेल तर नवी बाजारात येऊन वर्षभर झाल्यावर तीच सेकंडहँड बघणं मला जास्त पटतं, पण तेवढं थांबणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. तुमचं काम स्थिर वस्तूंचं, इमारतींचं, निवांत पोर्ट्रेटचं असेल तर जुनी आनंदाने घ्या, तिचा भाव पडायचा तो बराचसा पडून गेलाय, तुमचं फार जाणार नाही. घरात लहान मूल असेल, किंवा व्हिडिओ करत असाल, तर मी तरी नवीकडेच बोट दाखवेन.

माझी जुनी ३५ शेवटी एका घराच्या आतले फोटो काढणाऱ्याने नेली. ट्रायपॉडवर, एफ ८ ला, फोकस हाताने. मी घेतली त्याहून थोडेच कमी पैसे त्याने दिले, आणि परवा त्याने तिच्यावर काढलेला एका जिन्याचा फोटो पाठवला, कडेपासून कडेपर्यंत इतका सुंदर की मी बराच वेळ बघत बसलो.