तानाका की साइतो? बर्फातली जपानी घरं भिंतीवर लावायची असतील तर

गवताने शाकारलेली जपानी खेड्यातली घरं आणि त्यावर बर्फ, असं ओरिजिनल प्रिंट घ्यायचं म्हटलं की शोधता शोधता दोन नावं येतातच, रियोहेई तानाका आणि कियोशी साइतो. विषय एकच, पण शेजारी शेजारी ठेवून बघितलं की दोघांचा हिवाळाच वेगळा आहे.

तानाका (१९३३–२०१९) एचिंग करायचे. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा ऍसिडमध्ये, जिथे थर खरवडला गेलाय तेवढंच ऍसिड खातं, त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. त्यांच्या चित्रात छपराची कड जवळून बघा, गवताची काडी न् काडी वेगळी, कापलेल्या टोकांचा तो जाड थर, खाली जुन्या फळ्यांच्या शिरा, आणि एवढ्या काळ्या दाटीवर बर्फ म्हणजे बहुतेकदा नुसता कोरा कागद! तिथे सुई लागलेलीच नाही. एवढ्या रेघा ओढणाऱ्या माणसाने तेवढी जागा राखून ठेवली याचं मला फार कौतुक वाटतं.

साइतो (१९०७–१९९७) लाकडी ठशांचे. जन्म फुकुशिमातल्या आइझु भागातला, आणि ‘आइझुचा हिवाळा’ ही मालिका १९३८ पासून कित्येक दशकं चालू ठेवली. चित्र काढणं, कोरणं, छापणं सगळं स्वतःच. १९५१ च्या साओ पाउलो बिएनालेत, म्हणजे ब्राझीलमधल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, बक्षीसही मिळालं. इथे काडी शोधू नका, छप्पर म्हणजे एक पांढरा फुगीर आकार, खाली काळी भिंत, कधी एखादं छोटंसं माणूस.

म्हणून आधी जागा ठरवा. हॉलमध्ये सोफ्यावरून लांबून दिसायला हवं असेल तर साइतो, त्यांचे आकार खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतात. टेबलाजवळ किंवा पॅसेजमध्ये, जिथे हातभर अंतरावर उभं राहता येतं, तिथे तानाका. लांब लावलात तर त्या रेघा वाया जातात. (लाकडी ठशांचेच दुसरे जपानी चित्रकार कावासे हासुई, त्यांची बर्फाची चित्रंही सुंदर आहेत, पण पडता बर्फ आणि रंग हवे असतील तर तिकडे जा, मला घरं हवी होती.)

घेताना एक भिंग जवळ ठेवा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती मशीनवरची कॉपी आहे, सोडून द्या. एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याची कड कागदात दबलेली असते, बोटाला लागते, आणि खालच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने सही आणि नंबर असतो, २३/१०० असा काहीतरी, म्हणजे शंभर प्रतींतली तेविसावी. लाकडी ठशाचा कागद मागून बघायला मिळाला तर बघाच, बऱ्याचदा शाई आरपार उतरलेली दिसते.

मी तानाका घेईन, अगदी पोस्टकार्डाएवढा मिळाला तरी चालेल. पण मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर एक गोष्ट आधीच करून घ्या, ऍसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा ऍसिड नसलेला पुठ्ठा) आणि फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, कारण बर्फ म्हणजे कागदच असल्यामुळे पावसाळ्यात बुरशीचा पहिला तपकिरी ठिपका पडला तर तो बर्फावरच दिसतो.