दोन खोल्या, एक सुईट की कॉटेज? तीन पिढ्यांच्या सहलीसाठी रिसॉर्टमधील खोलीची निवड

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला वा कोकणात तीन रात्रींसाठी जायचे ठरते, तेव्हा ठिकाण, तारखा आणि गाडीची तिकिटे यांवर घरात आठवडाभर चर्चा होते. खोलीचा प्रकार मात्र अनेकदा बाल्कनीचा फोटो पाहून दोन मिनिटांत निवडला जातो. एकाच रिसॉर्टमध्ये डिलक्स रूम, फॅमिली रूम, कनेक्टिंग रूम, सुईट, कॉटेज असे चार-पाच पर्याय असतात आणि त्यांच्या भाड्यात दुपटीचाही फरक पडतो. आजी-आजोबा, आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे सहा जणांचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून या पर्यायांची येथे तुलना केली आहे, कारण निवड सर्वांत अवघड होते ती अशाच कुटुंबाची. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दिवसभर हे कुटुंब समुद्रावर, पोहण्याच्या तलावात, देवळात किंवा जेवणघरात असते. खोलीत प्रत्यक्ष घडतात त्या दोनच गोष्टी, रात्रीची झोप आणि सकाळची तयारी. म्हणून कोण कोणत्या दाराआड झोपणार आणि किती माणसांमागे किती बाथरूम येणार, हे दोन प्रश्न दृश्याच्या आधी विचारले पाहिजेत.

एकच खोली आणि जादा गाद्या

आई-वडील आणि दहा वर्षांच्या आतली दोन मुले एवढेच जाणार असतील तर एक मोठी फॅमिली रूम पुरेशी आहे आणि तिच्यावर अधिक खर्च करण्याचे कारण नाही. फक्त तिथे दोन डबल बेड आहेत, की एक डबल बेड आणि रात्री टाकायची गादी आहे, एवढे विचारून घ्यावे. डिलक्स, सुपीरियर, प्रीमियम या नावांना ठरलेला अर्थ नसतो. एका ठिकाणची डिलक्स दुसऱ्या ठिकाणच्या साध्या खोलीपेक्षा लहान असू शकते. त्यामुळे नाव बाजूला ठेवून क्षेत्रफळ विचारणे हाच खरा मार्ग. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या तारांकनाच्या निकषांत बाथरूम वगळून खोलीचे किमान क्षेत्रफळ तीन तारांसाठी 130 चौरस फूट आणि पाच तारांसाठी 200 चौरस फूट धरलेले आहे. दहा बाय तेराच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा डबल बेड मांडला की जवळजवळ एकोणचाळीस चौरस फूट जागा तिथेच जाते. त्यावर कपाट, टेबल, बॅगा ठेवायचा ओटा आणि दारामागची जागा वजा केली की जादा गादीसाठी बेड आणि बाल्कनी यांच्यामधली पट्टी तेवढी उरते. रात्री दहाला हाउसकीपिंगचा मुलगा तीन बाय सहाची गादी घेऊन येतो, ती त्या पट्टीत बसवतो, आणि त्या क्षणापासून बाल्कनीचे दार उघडत नाही, कपाट अर्धेच उघडते आणि रात्री बाथरूमला उठणाऱ्याला अंधारात झोपलेल्या मुलाला ओलांडून जावे लागते. लहान मुलांना यात गंमत वाटते, सत्तरीच्या माणसाला वाटत नाही.

सहा जणांना एका खोलीत बहुतेक ठिकाणी परवानगीच मिळत नाही. नेहमीची मर्यादा तीन मोठी माणसे किंवा दोन मोठी आणि दोन मुले अशी असते. पाच वर्षांखालचे मूल सहसा विनाशुल्क राहते, सहा ते बारा वयाच्या मुलासाठी गादीसह किंवा गादीशिवाय असे दोन वेगळे दर लावले जातात, आणि बारा वर्षे पूर्ण झाली की मूल मोठ्या माणसात मोजले जाते. वयाच्या या रेषा रिसॉर्टनुसार थोड्या मागेपुढे होतात, पण आपल्या उदाहरणातली चौदा वर्षांची मुलगी जवळजवळ सर्वत्र ‘ॲडल्ट’ ठरेल. बुकिंग करताना तिला ‘चाइल्ड’ म्हणून नोंदवले, तर काउंटरवर आधार कार्ड पाहिल्यावर फरकाची रक्कम भरावी लागते आणि ती तिथल्या दराने भरावी लागते.

दोन खोल्या: शेजारच्या की आतून जोडलेल्या

सहा जणांसाठी माझी पहिली पसंती आतून दार असलेल्या दोन खोल्यांना, म्हणजे कनेक्टिंग रूमना आहे. एका खोलीत आई-वडील आणि मुलगा, दुसऱ्या खोलीत आजी-आजोबा आणि नात, अशी विभागणी केली की दोन बाथरूम, दोन एसी, दोन किटल्या आणि झोपेच्या दोन वेगळ्या वेळा मिळतात. आजोबांना पाच वाजता उठून चहा हवा असतो, मुलांना रात्री अकरापर्यंत टीव्ही हवा असतो, आजीला एसी सोसत नाही आणि तिच्या जावयाला किंवा मुलाला पंख्यावर झोप लागत नाही. यांतले काहीही चूक नाही, पण एका छताखाली हे सारे बसवायचे म्हणजे रोज कोणीतरी मन मारायचे. मधले दार दिवसा उघडे ठेवले की सगळे एकत्र असतात, रात्री लावले की ज्याची त्याची झोप. आजी-आजोबांसाठी डबल बेडऐवजी ट्विन बेड मागावेत, कारण रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या माणसाला स्वतंत्र पलंगावरून उठणे सोपे जाते आणि दुसऱ्याची झोप मोडत नाही. नातीसाठी जादा बेड घेतल्यावर मात्र खोली पुन्हा दाटीची होते, म्हणून तो आजी-आजोबांच्या खोलीत टाकायचा असेल तर दोन्ही खोल्यांमधली मोठी खोली त्यांना द्यावी.

शेजारच्या दोन सुट्या खोल्या आणि कनेक्टिंग खोल्या यांत भाड्याचा फरक अनेकदा नसतो, पण सोयीचा मोठा असतो. रात्री आजीला बरे वाटेनासे झाले तर बाहेरच्या व्हरांड्यातून जाऊन दार ठोठावणे आणि मधले दार ढकलणे यांत किती अंतर आहे, हे ज्यांच्या घरात वयस्कर माणसे आहेत त्यांना सांगायला नको. अडचण अशी की प्रत्येक रिसॉर्टमध्ये अशा जोड्या मोजक्याच असतात आणि ऑनलाइन बुकिंगमध्ये ती फक्त ‘विनंती’ म्हणून नोंदवली जाते. नुसत्या ‘दोन खोल्या’ घेतल्या तर एक तळमजल्यावर आणि दुसरी दुसऱ्या इमारतीत मिळण्याची शक्यता असते, आणि सुट्टीच्या गर्दीत त्या बदलून देणे काउंटरवरच्या माणसाच्याही हातात नसते. मधल्या दारातून आवाजही जरा जास्त येतो. शेजारी आपलेच लोक असताना त्याचे काही नाही. पण एकच खोली घेणाऱ्याने मात्र ती कनेक्टिंग नसल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर पलीकडच्या अनोळखी कुटुंबाचा टीव्ही ऐकत बसावे लागते.

सुईट आणि कराचा हिशेब

सुईटचे आकर्षण बैठकीच्या खोलीत आहे. संध्याकाळी सगळे एकत्र बसून पत्ते खेळणार असतील, भेटायला गोव्यातले नातेवाईक येणार असतील, किंवा बाळ लवकर झोपल्यावर आई-वडिलांना दिवा लावून बसायचे असेल, तर ही जागा खरोखर उपयोगी पडते. पण झोपण्याच्या दृष्टीने बहुतेक सुईट म्हणजे एक शयनगृह आणि बाहेर सोफा-कम-बेड. त्या सोफ्यावर कोण झोपणार, हा प्रश्न बुकिंगच्या वेळी कोणी विचारत नाही, आणि झोपते ती बहुधा घरातली सून किंवा मोठी नात. बाथरूम एक की दोन, हे तर फोन करूनच विचारावे, कारण ‘पावडर रूम’ असे लिहिलेले असते तिथे फक्त कमोड आणि बेसिन असते. न्याहारी दहाला बंद होते, साडेआठला सगळे उठतात, आणि सहा माणसांना एका बाथरूममध्ये दीड तासात आंघोळ उरकायची म्हणजे माणशी पंधरा मिनिटे. शिवाय गीझर लहान असेल तर तिसऱ्याला कोमट पाणी.

पैशांच्या बाजूनेही एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ती बुकिंगच्या शेवटच्या पानावरच दिसते. 22 सप्टेंबर 2025 पासून एका खोलीचे एका रात्रीचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो आणि त्याहून अधिक असेल तर 18 टक्के. हा हिशेब कुटुंबामागे होत नाही, खोलीमागे होतो. म्हणजे सात-सात हजारांच्या दोन खोल्यांचे चौदा हजार आणि कर सातशे, असे एकूण 14,700 रुपये होतात. तर चौदा हजारांच्या एका सुईटवर 2,520 रुपये कर लागून रक्कम 16,520 वर जाते. रात्रीला 1,820 आणि तीन रात्रींना 5,460 रुपयांचा हा फरक मूळ भाडे अगदी सारखे असतानाचा आहे. एवढ्या पैशांत सहा जणांची बोटीची फेरी आणि एक चांगले मासळीचे जेवण होऊ शकते. जेवणाचेही असेच आहे: आधीच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलने 7,500 रुपयांच्या वर भाड्याने खोली दिली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर 5 ऐवजी 18 टक्के कर येतो, आणि तुम्ही तिथली सर्वांत स्वस्त खोली घेतली असली तरी येतो.

कॉटेज आणि बंगला

कोकणात कॉटेजचा मोह आवरणे कठीण असते. गणपतीपुळे, तारकर्ली, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या सावलीतली स्वतंत्र कौलारू घरे, पुढे ओटी किंवा व्हरांडा, मुलांना हुंदडायला अंगण, हे सुख मजल्यांच्या इमारतीत मिळत नाही, आणि लहान मुले असलेल्या धडधाकट कुटुंबाने ते जरूर घ्यावे. वयस्कर माणसे सोबत असतील तर मात्र जमिनीचा उतार विचारात घ्यावा लागतो. कोकणातली बरीच रिसॉर्ट टेकडीच्या उतारावर आहेत. कॉटेजपासून जेवणघरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या असतात, त्यांना कठडा असेलच असे नाही, आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. दिवसातून तीनदा जेवणखाणासाठी या पायऱ्या चढायच्या म्हटले की दुसऱ्या दिवशी आजी ‘मला भूक नाही’ म्हणू लागतात. बग्गीची सोय आहे का, रात्री वाटेवर दिवे असतात का, कॉटेजमध्ये जेवण आणून देतात का, हे विचारून होकार मिळाला तरच कॉटेज घ्यावे. एकाला एक लागून असलेली जोडकॉटेज मिळाली तर ती दोन खोल्यांचेच काम करते, आणि ओटीवर सगळे एकत्र बसता येते हा त्यात फायदाच.

दोन-तीन शयनगृहांचा अख्खा बंगला, लोणावळा, अलिबाग आणि उत्तर गोव्यात मिळतो तसा, आठ-दहा जणांना भाड्यात परवडतो. आजोबांचे पथ्य, बाळाची पेज, मुलांचे दूध यांसाठी स्वयंपाकघर हाताशी असणे ही मोठी सोय आहे. पण स्वयंपाकीण किंवा केअरटेकर जेवण करून देणार आहे का, हे आधी पक्के केले नाही तर घरातल्या बायकांची सुट्टी तिथल्या ओट्यापाशी जाते, आणि मला हे कोणत्याही भाड्याच्या बचतीपेक्षा महत्त्वाचे वाटते. दुसरी बाब खासगी तलावाची. रिसॉर्टच्या तलावावर बहुधा जीवरक्षक आणि ठरलेल्या वेळा असतात. बंगल्याच्या तलावावर सहसा दोन्ही नसतात, आणि पाण्याकडे उघडणारे दार रात्री लहान मुलाच्या हाताला लागू शकते. हाच आक्षेप रिसॉर्टमधल्या तळमजल्यावरच्या ‘पूल ॲक्सेस’ खोल्यांनाही लागू आहे. पोहता न येणारे मूल असेल तर त्या खोल्या घेऊच नयेत. परदेशातून आलेली भावंडे सोबत असतील आणि त्यांच्या मुलांचे पासपोर्ट परदेशी असतील, तर मालकाने परदेशी पाहुणे म्हणून त्यांची सरकारकडे चोवीस तासांत नोंद करणे बंधनकारक आहे. हॉटेलांना त्याची सवय असते, पण बंगलेवाल्याला हे माहीत आहे ना, ते विचारावे.

दृश्य, जेवण आणि बुकिंग

समुद्रदर्शनाच्या खोलीसाठी जादा पैसे द्यावेत का? हिवाळ्यात, वरच्या मजल्यावर आणि खोलीत बसून समुद्र पाहणारे आजी-आजोबा सोबत असतील तर जरूर द्यावेत. पण कोकण-गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी नेमक्या वामकुक्षीच्या वेळी त्या खोल्यांवर ऊन येते आणि पडदे ओढूनच बसावे लागते. बागेच्या बाजूची खोली तेव्हा थंड असते, स्वस्तही असते. सूर्यास्त वाळूवर जाऊन पाहता येतो.

भाड्यांची तुलना करताना जेवणाची योजना एकच धरावी: सीपी म्हणजे न्याहारीसह, एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, एपी म्हणजे सर्व जेवणे. कृषी पर्यटन केंद्रांवर दर माणशी आणि जेवणासह असतो, तिथे खोलीच्या प्रकाराने रकमेत फारसा फरक पडत नाही, म्हणून दोन खोल्या मागायला संकोच करू नये. नाताळ आणि 31 डिसेंबरला अनेक रिसॉर्ट गाला डिनरची, म्हणजे त्या रात्रीच्या खास मेजवानीची, वेगळी रक्कम सक्तीने घेतात, आणि ती खोलीमागे नसून डोक्यामागे असते.

शेवटी बुकिंग कसे करावे, तर वेबसाइटवर दर पाहून थेट रिसॉर्टला फोन करावा आणि सहाही जणांची वये सांगावीत. ‘कनेक्टिंग रूम, तळमजला किंवा लिफ्टजवळ, एका खोलीत ट्विन बेड, आजी-आजोबांच्या बाथरूममध्ये टबऐवजी शॉवर आणि पकडायला दांडा’ एवढी मागणी ईमेलवर लिहून तिला लेखी होकार मागावा. ‘प्रयत्न करू’ असे उत्तर आले तर तो नकार समजून दुसरीकडे विचारावे. पोचल्यावर घरातल्या एकाने आधी दोन्ही खोल्या पाहून याव्यात आणि मगच बॅगा वर नेऊ द्याव्यात, कारण सामान उघडण्याआधी खोली बदलून मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.