दुकानाच्या पीसीवर विंडोज की लिनक्स मिंट?
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप, जुन्या पीसीत बहुधा नसते) लागतं, म्हणून जुन्या पीसीवर मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम) टाकायचा मोह होतो. ईमेल, ब्राउझर, पत्रं एवढंच काम असेल तर मिंट कुणालाही जमतं. मेनू डाव्या कोपऱ्यातच असतो.

घोडं अडतं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी. ते विंडोजसाठी बनलेलं. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्राम) चालवलं तरी छपाई किंवा लायसन्स रुसू शकतं. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळेलच असं नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली फॉन्टशिवाय उघडल्या की अक्षरांची खिचडी (हे विंडोजवरही होतंच म्हणा).

टॅली असेल तर विंडोजच ठेवा. नसेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह (म्हणजे डिस्कवर न टाकता) चालवा आणि डिस्क पुसण्याआधी प्रिंटरवर एक बिल काढून बघा.