ट्राम की बस?

मुंबईत ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ पासून विजेवर. बस आली १९२६ मध्ये.

ट्रामचं खरं दुखणं म्हणजे रूळ. पुढे हातगाडी अडली की बस बाजूने निघते. ट्रामचा ड्रायव्हर मात्र पायाने घंटा ठणठणवत जागीच उभा. एक ट्राम बंद पडली की मागे सगळ्यांची रांग. रूळ बदलायचे तर रस्ता उखडा. बसला मार्ग बदलायला पाटी बदलली की झालं.

तरी ट्रामचं पारडं हलकं नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी ताकदीत फिरतं, रस्त्यात धूर नाही. शिवाय रूळ दिसला की माणसाला खात्री वाटते, गाडी इथूनच जाणार. बसचा थांबा हलवला की म्हातारी माणसं उन्हात जुन्याच खांबाशी ताटकळतात, हे बघवत नाही.

३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. दादर टीटी म्हणताना आपण आजही 'ट्राम टर्मिनस'च म्हणतो.

माझं मत? काळबादेवीच्या गर्दीत बसच हवी. पण रुंद रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका देणार असाल, तर मी ट्रामच मागेन.