'सी'साठी एक्स्टेंशन घेतलं, पण रोज गाठ पडते 'ई'शी: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात भर कार्यक्रमात माझ्या डबल बेसच्या सगळ्यात जाड, मोकळ्या ई तारेवर बो (गज) टेकवला आणि वाजला सी! ईचा लॅच, म्हणजे एक्स्टेंशनवर तार ई स्वराशी अडवून धरणारी कळ, मधेच उघडला होता, तोही अख्खा ऑर्केस्ट्रा अगदी हळू वाजत असताना. त्या रात्री झोप लागली नाही.

ईच्याही खाली सीपर्यंत जायला पाच तारी डबल बेस घ्यावा की एक्स्टेंशन (ई तार वाद्याच्या डोक्यावर लांबवून सीपर्यंत नेणारी जोडपट्टी), हा घोळ मी वर्षभर घातला होता. पाच तारी म्हणजे नवं वाद्यच घ्या. जुन्यावर पाचवी तार चढवायची तर नट, ब्रिज, फिंगरबोर्ड सगळं बदला, शिवाय टॉपवर (पुढच्या फळीवर) ताण वाढतो तो वेगळाच. छान घुमणारा डबल बेस मला दाबून टाकायचा नव्हता, खर्चही झेपणारा नव्हता. म्हणून एक्स्टेंशन.

सीबद्दल तक्रार नाही. रिचर्ड स्ट्राउसच्या 'झरथुस्त्र' या ऑर्केस्ट्रा-रचनेची (१८९६) सुरुवात ज्या लांब सीवर होते, तो पूर्वी मी एक सप्तक वर वाजवायचो. आता खराखुरा ३२.७ हर्ट्झचा सी निघतो आणि एंडपिनखालची (वाद्य ज्या दांडीवर टेकतं तिच्याखालची) फळी थरथरते. असे स्वर ओढायला बो सावकाश आणि वजन देऊन चालवावा लागतो. घाई केली की नुसती खरखर.

पण ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळ लागतो तो ईच, आणि तो सगळा त्या लॅचच्या भरवशावर. लॅच म्हणजे तारेवर कायम टेकलेलं बोटच. सैल राहिला तर तार झणझणते, जास्त दाबला तर स्वर चढतो. माझा पहिल्या महिन्यापासून झणझणत होता. ज्याने बसवून दिलं त्याने "वापरून बसेल" म्हणत दोनदा परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला पैसेही घेतले. याचा राग अजून गेलेला नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि खाली 'घेऊ नका' असं लिहिणार होतो. दरम्यान दुसऱ्या कारागिराला दाखवलं. त्याने लॅच बंद करून तारेशी डोळा लावून पाहिलं: आतलं चामडं एका बाजूने झिजलेलं, लॅच तिरका बसत होता, जोरात वाजवलं की तारच त्याला ढकलायची. चामडं बदललं, स्क्रू आवळला. दहा मिनिटांत ई इतका मोकळा वाजला की मी पाच मिनिटं तोच वाजवत बसलो.

सूर लावताना तार वरच्या कप्पीत अडकून एकदम टुणकन सरकायची. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, थांबलं.

ईच्या खाली भराभर धावणाऱ्या जागा मात्र अजून जड जातात. हात पार वाद्याच्या डोक्यापर्यंत न्यावा लागतो, तिथे पाच तारीच सरस. तुमच्या वाट्याला अशा जागा जास्त येत असतील तर पैसे साठवा. लांब स्वर जास्त असतील तर एक्स्टेंशन घ्या, पण ताब्यात घेण्याआधी खुंटीला हात न लावता लॅच दहा वेळा उघडा, बंद करा. दर वेळी ईचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा उंच स्वर) ए तारेच्या हार्मोनिकशी जुळवा. एकदा जरी हलला, तरी पैसे देऊ नका.