व्हूइजमध्ये आपलं नाव दिसलं म्हणून आयपी ब्लॉक आपला होत नाही

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात केबलबरोबर इंटरनेट देणाऱ्या ऑपरेटरांनी हे जरूर वाचावं. "/२४ विकायचा आहे, २५६ पत्ते, आठवड्यात तुमच्या नावावर" असं सांगून आयपी ब्लॉक, म्हणजे इंटरनेट पत्त्यांचा सलग गट, विकणाऱ्या दलालाकडून इकडच्या एका ऑपरेटरचे पैसे बुडाले. त्या व्यवहारात खोटा कागद एकही नव्हता.

विकणाऱ्याकडे मोठा ब्लॉक खरोखर होता. त्यातल्या एका /२४ वर त्याने व्हूइजमध्ये (कोणता ब्लॉक कुणाकडे आहे हे दाखवणारी सार्वजनिक नोंद) घेणाऱ्याच्या फर्मचं नाव आणि बेळगावचा पत्ता चढवला, घेणाऱ्याच्या एएस नंबरसाठी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) आरओए काढला, म्हणजे तो ब्लॉक कोणत्या एएसने जाहीर करायचा याची डिजिटल नोंद केली, लेटरहेडवर एलओए (परवानगीपत्र) दिला. अपस्ट्रीमने, म्हणजे वरच्या इंटरनेट पुरवठादाराने, रूट (त्या पत्त्यांकडे जायची वाट) घेतला, ग्राहक चालू झाले, पूर्ण रक्कम गेली. काही महिन्यांनी त्याने ती नोंद पुसली आणि आरओए दुसऱ्याच एएसच्या नावे केला. त्यामुळे घेणाऱ्याचा रूट 'इनव्हॅलिड' ठरला. आरपीकेआय (आरओएवरून रूट पडताळायची पद्धत) तपासणारी नेटवर्कं असा रूट टाकून देतात, न तपासणारी चालू ठेवतात. म्हणून काही साइट उघडायच्या, काही नाही, आणि सगळे फायबर नि राउटरच तपासत बसले.

खरी गोम व्हूइजच्या 'स्टेटस' ओळीत होती. तिथे 'असाइन्ड नॉन-पोर्टेबल' लिहिलं होतं. म्हणजे मोठ्या ब्लॉकवाल्याने वापरायला दिलेला तुकडा. तो परत काढून घेणं त्याच्याच हातात. कर्नाटकातल्या आरटीसी या जमिनीच्या उताऱ्यात मालक ९ नंबरच्या रकान्यात आणि कसणारा १२ नंबरच्या रकान्यात असतो, तसंच हे. मालकीच्या ब्लॉकवर स्टेटस 'अलोकेटेड पोर्टेबल' किंवा 'असाइन्ड पोर्टेबल' हवं, आणि 'एमएनटी-बाय'समोर (ही नोंद कोण बदलू शकतो ते सांगणारी ओळ) विकणाऱ्याचा नव्हे, नोंदणी संस्थेचा मेंटेनर हवा. एलओए म्हणजे फक्त रूट जाहीर करायची परवानगी. आरओएसुद्धा मालकी सिद्ध करत नाही; तो मूळ धारकच काढतो आणि तोच बदलतो.

नावावर होणं म्हणजे आयरिन (भारताची आयपी नोंदणी संस्था) किंवा एपनिककडे (आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था) रीतसर ट्रान्सफर. त्यासाठी तुमचं स्वतःचं सदस्य खातं लागतं आणि अर्ज दोन्ही बाजूंकडून जातो. "खात्याची गरज नाही, आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. पत्ता १०३ ने सुरू होत असेल तर मूळ वाटपाची तारीख पाहा: त्या साठ्यातला ब्लॉक ५ वर्षांच्या आत ट्रान्सफर होत नाही. एपनिकच्या 'हूवॉज'मध्ये जुने धारक दिसतात. स्पॅमच्या काळ्या यादीत तो ब्लॉक आहे का, तेही आधीच बघा. आणि रक्कम नोंदणी बदलल्यावरच सोडा.

तसं पाहता दलालाकडे जायचीच गरज बऱ्याचदा नसते. एपनिकच्या क्षेत्रात नव्या सदस्याला आजही /२३ पर्यंत, म्हणजे ५१२ पत्ते मिळू शकतात. सीजीनॅट (एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक चालवायची सोय) आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे मुबलक पत्ते) बरोबर घेतलं तर लहान ऑपरेटरचं त्यात चांगलं भागतं.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तरच बँकेत रक्कम अडवता येते. व्हूइज, आरओए आणि एलओए यांच्या तारखेसह प्रती काढा आणि सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात तक्रारीला जोडा. तोवर अपस्ट्रीमकडून तात्पुरते पत्ते मागून ग्राहक त्यावर हलवा.