फोटोग्राफीचा क्लास लावू की यूट्यूबवरूनच शिकू?

कॅमेरा घेऊन झालाय, त्यावर सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे, डायल मात्र अजून ऑटोवरून हललेला नाही आणि आता डोक्यात घोळतंय की वीकेंडच्या बॅचला पैसे भरावेत की घरी बसून व्हिडिओ बघून जमेल. मी पुण्यात दोन्हीकडून शिकलोय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या थिअरीसाठी क्लास लावू नका. आपले फोटो बघून तोंडावर खरं सांगणारं कोणी हवं असेल तर मात्र जरूर लावा.

थिअरी घरबसल्या खरंच छान शिकता येते. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, उजेड किती वेळ आत येतो आणि कॅमेरा तो किती वाढवून दाखवतो, या तिघांचं गणित एकदा कळलं की कळलं, एफ म्हणजे भोकाचा आकडा, तो वाढला की भोक लहान, म्हणून एफ २.८ वरून ४ वर गेलात की उजेड निम्मा, ४ वरून ५.६ वर गेलात की परत निम्मा (या प्रत्येक पायरीला स्टॉप म्हणतात), आणि कमी झालेला उजेड शटर स्लो करून नाहीतर आयएसओ वाढवून भरून काढायचा, बस एवढंच. खोलात जायचं असेल तर स्टॅनफर्डचे माजी प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांनी २०१६ मध्ये गुगलमध्ये दिलेली १८ लेक्चर्स यूट्यूबवर फुकट पडलीयत, इंग्रजीत आहेत पण लेन्सपासून सेन्सरपर्यंत सगळं येतं त्यात. शिवाय तुमच्याच मॉडेलच्या मेनूवरचा व्हिडिओ मिळतो, हा मोठा फायदा, कारण अ‍ॅपर्चर आणि शटर आपण ठरवायच्या मोडना कॅननवर एव्ही आणि टीव्ही लिहिलेलं असतं, निकॉनवर ए आणि एस, आणि क्लासमध्ये प्रत्येकाचं बटण शोधण्यातच पहिला तास जातो. एडिटिंग पण घरीच शिका. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल उघडायची, व्हिडिओ पॉज करायचा, स्लायडर हलवून बघायचा, परत मागे जायचं, हे वीस जणांच्या बॅचमध्ये होत नाही.

यूट्यूबचा त्रास एकच पण मोठा आहे. शटर स्पीडचा व्हिडिओ बघायला बसता आणि रात्री साडेअकराला दोन लेन्सच्या तुलनेवर पोचलेले असता, कॅमेरा बॅगेतच. आणि आपलं काय चुकतंय हे कोणताच व्हिडिओ सांगू शकत नाही, कारण त्याने तुमचा फोटो पाहिलेलाच नसतो.

आता क्लास. चांगल्या क्लासमध्ये तुम्हाला बाहेर नेतात आणि एकच गोष्ट करायला लावतात. आमच्या बॅचला कसब्यात तांबट आळीत नेलं होतं, तांब्याच्या भांड्यांना मठार, म्हणजे हातोडीचे ठसे, पाडतात ना, तिथे. सरांनी सांगितलं, हातोडीचाच फोटो काढायचा, एकदा शटर १/१५ सेकंदाला आणि एकदा १/५००ला. दुकानात उजेड बेताचा, एफ ५.६ ठेवला तर १/१५ला आयएसओ ४००वर भागत होतं, हातोडी पुसट आणि भांडं स्थिर, फोटोत ठोका जाणवत होता. १/५००ला हातोडी हवेत गोठली, पण तोच उजेड मिळवायला आयएसओ १२८००वर न्यावा लागला आणि फोटोभर दाणे. पाच स्टॉपचा फरक म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात असं डोक्यात बसलं की परत कधी आकडे पाठ करावे लागले नाहीत. १.८ची फिफ्टी, म्हणजे एफ १.८पर्यंत उघडणारी ५० एमएमची लेन्स, लोक का घेतात हेही तिथेच कळलं.

मंडईतही तसंच. पांढरी टोपी, पांढरं धोतर नेसलेले आजोबा उन्हात बसलेत, फ्रेमभर पांढरंच पांढरं, फोटोत सगळं मळकट दिसतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सेटिंग, प्लस वन करायचं. हे व्हिडिओतही सांगतात, पण आजोबा समोर असताना कोणी खांद्यामागून 'प्लस वन कर' म्हटलेलं विसरत नाही.

पण क्लासची खरी किंमत वसूल होते ती फोटो बघायच्या तासाला. एकीने गजरे करणाऱ्या मावशींचा फोटो आणला होता, रंग मस्त, फोकस बरोबर. सरांनी विचारलं, काय बघून थांबलीस? ती म्हणाली, मावशींची बोटं, काय स्पीडने दोरा फिरवत होत्या! सर म्हणाले, मग बोटं कुठे आहेत यात? बघतो तर खालच्या कोपऱ्यात एवढीशी, आणि वरचा अर्धा फोटो निळ्या ताडपत्रीने आणि दुकानाच्या पाटीने खाल्लेला. दोन पावलं पुढे जाऊन खाली बसायचं, एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी तिने काढलेला फोटो बघून सगळी बॅच गप्प झाली होती. दुसऱ्याच्या फोटोवरचं बोलणं ऐकूनही तेवढंच शिकायला मिळतं, आणि शंभरातले दहाच आणा म्हटलं की निवडताना आपलं आपल्याला बरंच दिसायला लागतं.

अनोळखी माणसाशी बोलायची भीतीही क्लासमध्येच जाते. सर आधी जाऊन 'काका, एक फोटो काढू का' विचारतात, दोन शब्द बोलतात, नको म्हटलं तर हसून पुढे जातात. पण काही बॅचेस एका भाजीवालीसमोर पंधरा कॅमेरे घेऊन उभ्या राहतात, तिचं गिऱ्हाईक अडकतं, ती वैतागते, हे मला अजिबात पटत नाही. असं करणारा क्लास कितीही नावाजलेला असला तरी तिथे जाऊ नये.

आणि सगळेच क्लास असे नसतात. काही ठिकाणी सगळे रविवार एसी हॉलमध्ये स्लाइड्स, शेवटी एक आउटिंग, सर्टिफिकेट, झालं. त्यापेक्षा यूट्यूब कितीतरी बरं. म्हणून फी भरायच्या आधी सरळ विचारा, बॅचमध्ये किती जण, बाहेर किती वेळा नेणार, आमचे फोटो दर आठवड्याला बघणार का. आणि फोटो बघायच्या तासाला एकदा नुसतं बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तुमचं उत्तर मिळालं.

तिसरा रस्ता लग्नाच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जायचा. ज्याला यातच कमवायचंय त्याने हाच धरावा. छतावर फ्लॅश बाऊन्स करणं, अक्षता पडतानाचा क्षण न चुकवणं, चिडलेल्या मामांना ग्रुप फोटोत आणणं हे कुठल्याच क्लासात नाही. छंद म्हणून शिकणाऱ्याला मात्र एवढी दमछाक नको.

कॅमेरा अजून घेतलाच नसेल तर क्लाससाठी म्हणून घाईने घेऊ नका. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर, आयएसओ बदलता येतं, फ्रेम लावायला तर फोन भरपूर झाला. फक्त बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर फिक्स असतं आणि पोर्ट्रेट मोडचा ब्लर सॉफ्टवेअरने केलेला असतो, तेवढा भाग मित्राचा कॅमेरा मागून शिका.

कॅमेरा आहे आणि एकाच गोष्टीचे पैसे आहेत, क्लास की फिफ्टी, असं असेल तर मी क्लास म्हणेन, पण दोन महिने यूट्यूबवर थिअरी करून मग. मॅन्युअल मोड थोडाफार येत असेल तर आउटिंगला सेटिंग विचारण्यात वेळ जात नाही. आणि बॅच दिवाळीनंतरची बघा, पावसाळ्यात निम्मी आउटिंग रद्द होतात आणि किट लेन्स भिजवायची हिंमत कोणाचीच होत नाही.